दुसऱ्यांच्या घरची जळमटं

गोव्यातली जुनी घरं झाडून-पुसून ठेवणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्याला पहिलं काम मिळतं ते शिडी धरायचं. बिचारे कॅमेरा घेऊन येतात, कोणी कोणी तर खास कुर्ता वगैरे घालून, त्यांना वाटतं आता झुंबरं, कोरीव पलंग, चिनी मातीची भांडी, आणि आम्ही त्यांना उन्हात उभं करून सांगतो की ही घट्ट धर आणि वर बघू नकोस, डोळ्यात घाण जाईल. मीपण अशीच धरली होती. सहा वर्षं झाली त्याला.

बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्ही दर रविवारी त्या जुन्या घरांत जाऊन नक्की करता काय, म्हणून एकदा लिहूनच टाकते. आधी हे सांगते की आमची काही संस्था नाही, रजिस्ट्रेशन नाही, टीशर्टपण नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ जण आहोत आणि प्रत्यक्षात येतात चार. एक रिटायर्ड सर, एक आर्किटेक्चरची पोरगी, एक फार्मा कंपनीत शिफ्ट करणारा मुलगा जो नाइट करून थेट येतो आणि अकरा वाजता सोप्यावर, म्हणजे बांधीव कट्ट्यावर, बसल्या बसल्या झोपतो, आणि मी. मी दिवसभर पणजीत ऑफिसात हिशेब बघते, जुन्या घरांचं माझं कसलंही शिक्षण नाही. पण पुढे कळलं की शिक्षणाची गरज फार उशिरा लागते, आधी झाडू लागतो.

ज्या घराबद्दल लिहितेय ते फोंड्यापासून वीसेक मिनिटांवर, अंत्रुज महालातल्या (म्हणजे फोंडा तालुक्यातल्या) एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे राहणाऱ्या काकींना आवडणार नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे जुनी दारं उचलणारे दलाल असलं काही वाचत नसतील असं थोडंच आहे. ते येतात आणि सांगतात की हा सागवानी दरवाजा द्या, आम्ही तुम्हाला नवीन फ्लश डोअर फिटिंगसकट बसवून देतो. आणि लोक देतात हो! दाराला वाळवी लागलेली असते, पोरगं मुंबईला असतं, आणि समोरचा माणूस रोख पैसे मोजत असतो. बाणावलीचं गोवा चित्र म्युझियम बघितलंय का? त्या म्युझियमची इमारतच पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खिडक्या, खांब वापरून उभी केलीय, आत शेतीची आणि घरातली हजारो अवजारं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वस्तू कमी आणि खिडक्याच जास्त बघत राहिले, कोणाच्या घरातली असेल ही म्हणून.

काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, कामाला एक बाई येते ती सोडली तर एकट्या. घर मधल्या राजांगणाभोवती, म्हणजे उघड्या चौकाभोवती बांधलेलं, राजांगणात तुळस, चारी बाजूंनी छप्पर आतल्या बाजूला उतरतं, म्हणजे पावसाचं अर्धं पाणी घराच्या पोटात पडतं आणि तिथून एका मोरीतून बाहेर जातं. बाहेरून बघाल तर नुसती लांब भिंत आणि लहान खिडक्या. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतल्या ख्रिश्चन घरांचं याच्या बरोब्बर उलटं, तिथे रस्त्याकडे तोंड करून बल्कांव म्हणजे दारापुढचा व्हरांडा, दोन बाजूंना सोपे, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत बसायचं. आत मोठी साल म्हणजे दिवाणखाना, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. चांदरला मिनेझिस ब्रागांझा घराण्याचं घर बघून आल्यावर (लुईस द मिनेझिस ब्रागांझा, 1878 ते 1938, पोर्तुगीज राजवटीवर टीका करणारे पत्रकार, त्यांचं घर, आणि पुस्तकं म्हणे 5000 च्या आसपास) मी काकींना मोबाईलवर फोटो दाखवले तर त्या म्हणाल्या, इतक्या खिडक्या पुसतं कोण? माझ्या डोक्यातही पहिला प्रश्न तोच आला होता. एवढ्यावरून कळलं की आता मी बिघडलेय.

तर काम. जुनं घर म्हातारं होऊन पडतं असा आपला समज असतो. तसं काही नसतं. वरून एक नारळ पडतो किंवा माकडं नाचून जातात आणि एक कौल सरकतं. एकच. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यामुळे त्या एका फटीतून पाणी रोज त्याच वाशावर पडतं, वासा भिजतो, भिजला की वाळवी येते, वाळवी आली की रिपा जातात, मग दहा कौलं खाली येतात, मग पाणी भिंतीच्या माथ्यावर, आणि आतून ती भिंत मातीच्या सांध्यावर रचलेले जांभ्याचे चिरे असते, माती वाहून गेली की चिरे सुटे. तीन पावसाळे पुरतात. दोनशे वर्षं उभं राहिलेलं घर तीन पावसाळ्यांत झोपतं आणि लोक म्हणतात, जुनं झालं होतं.

म्हणून आमचा सगळा जीव एप्रिल-मेमध्ये. कौलं परतायला एक माणूस येतो, पंचावन्नचा असेल, तो आम्हाला छपरावर चढू देत नाही. एकदा फार्मावाला चढला आणि कौलाच्या बरोब्बर मधे पाय ठेवला, कटकन आवाज आला, तेव्हापासून बंदी. आम्ही खाली साखळी करून कौलं हातोहात द्यायची, फुटकी बाजूला काढायची, शेवाळ ब्रशने घासायचं. काकींच्या घरी पुढच्या बाजूला मंगळुरी कौलं आणि मागच्या पडवीवर अजून जुने अर्धगोल नळे आहेत. मंगळुरी कौलांत काहींवर बासेल मिशनचं नाव आणि 1865 उमटवलेलं. नवीन माणूस हमखास ओरडतो की बापरे, दीडशे वर्षांपूर्वीचं कौल! मग सर चष्मा सावरत सांगतात की ते मंगळूरला कारखाना सुरू झाला ते साल, तुझ्या हातातलं कौल कधी भाजलंय ते त्यावर लिहिलेलं नाही. सरांना हे सांगायला इतकं आवडतं की आम्ही नवीन माणसाला मुद्दाम तेच कौल देतो.

आणि मोरी. राजांगणाची मोरी दर महिन्याला बघायची. पानं, माती, एकदा बेडकांचं अख्खं कुटुंब. ती तुंबली की राजांगणाचं तळं होतं आणि जोत्याला ओल धरते. मोरीचा फोटो कोणी टाकत नाही पण माझं मत विचाराल तर वर्षभरात आम्ही केलेलं सगळ्यात मोठं हेरिटेज कार्य ते.

चुका पण सांगते. दुसऱ्या वर्षी मागच्या भिंतीचा खालचा दीड हात गिलावा सुटला होता, आम्हाला वाटलं आपणच करून टाकू, कोणीतरी सिमेंटच्या दोन गोणी आणल्या, मस्त गुळगुळीत प्लास्टर केलं, फोटो काढले, काकींनी शिरा केला. चिरा पाणी पितो हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, पण ते प्यालेलं पाणी त्याला परत बाहेर पण टाकायचं असतं हा विचार कोणी केला नाही. चुन्याच्या गिलाव्यातून ओल हळूहळू सुकून जाते, सिमेंटने तिचं तोंड बंद केलं. जुलैत ओल सिमेंटच्या वर चढली आणि तोपर्यंत चांगला असलेला वरचा चुना फुगून पापुद्रे पडायला लागले, पांढरं मीठ फुटलं. म्हणजे दीड हाताचं दुखणं आम्ही चार हात केलं. मग पुढच्या उन्हाळ्यात ते सगळं छिन्नीने काढलं, आणि एक म्हातारे गवंडी आले त्यांनी चुना आधी कित्येक दिवस भिजत घालायला लावला, गूळ घालायला लावला, आणि आमच्याकडे असं बघितलं की मी अजून त्यांच्यासमोर भिंतीला हात लावत नाही.

दुसरी चूक काजूच्या तेलाची. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावलं की वाळवी लांब राहते, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. आर्किटेक्चरच्या पोरीने ग्लोव्हज न घालता दोन वासे रंगवले. बोंडूबिया भाजणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की ते कातडी जाळतं. पंधरा दिवस पोरगी हाताला खोबरेल लावून कॉलेजात बसत होती.

एका गोष्टीत मात्र वाचलो. देवाच्या खोलीबाहेर चुन्याचे थर सुटत होते आणि खाली लाल रेघ दिसली. काव! चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देऊन, तो सुकायच्या आत खरवडून खालचा पांढरा उघडा करत नक्षी काढायची, देवळांतून असते ती कावकला. एका नवीन दादांनी लगेच ओलं फडकं आणि तारेचा ब्रश घेतला. सर इतक्या जोरात ओरडले की काकी बाहेर आल्या. ती भिंत तशीच आहे. वीतभर वेल दिसते, बाकी चुन्याखाली. जाणकार माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि काही न करणं हेही काम असतं हे त्या दादांना पटलं नाही, ते परत आले नाहीत.

पावसात घरातलं काम, म्हणजे याद्या. प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, नंबर. नंबर सुती नाडीवर लिहून बांधायचा, चिकटपट्टी अजिबात नाही, ती निघताना रंग घेऊन निघते. पितळ उगाच चकचकीत करायचं नाही. जुने कागद बघताना सिनेमात दाखवतात ते पांढरे कापडी हातमोजे घालायचे नाहीत, त्यांनी पान फाटतं, हात धुऊन कोरडे करायचे बस. कपाटात कसर. कागदांत काय नव्हतं, पोर्तुगीज स्टॅम्पाच्या पावत्या, मोडीतले हिशेब, आणि एक वही जिची लिपी आमच्यापैकी कोणालाच ओळखेना, सर म्हणाले गोंयकानडी असावी, गोव्यात पूर्वी वापरात असलेली लिपी. तिला आम्ही फक्त मऊ ब्रशने झाडलं आणि कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवलं.

त्याच माळ्यावर दोन कुडव मिळाले. कुडव म्हणजे धान्य मोजायचं माप. दिसायला जुळे भाऊ, मी यादीत 'कुडव, नग 2' लिहून मोकळी झाले होते. माप नोंदवायचं म्हणून तांदूळ भरले तर एकातले दुसऱ्यात मावेनात. मूठभर उरत होते. मला वाटलं मीच नीट भरलं नाही, परत केलं, परत उरले. काकी आरामखुर्चीतून बघत होत्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "एक घेवपाचो, एक दिवपाचो."

म्हणजे कुळांकडून खंड घ्यायचा तो मोठ्याने, आणि कोणाला द्यायचं ते लहानाने.

काय बोलावं कळेना. फार्मावाल्याचे आजोबा कूळ होते, त्याच गावात नाही पण होते, तो पण तिथेच उभा होता हातात नाडी घेऊन. काकींनीच सांगितलं, तसंच लिही यादीत. लिहिलं. 'कुडव, मोठा, घेण्याचा. कुडव, लहान, देण्याचा.' तेव्हापासून मला हेरिटेज वॉकवाले "काय ते वैभव, काय ते दिवस" सुरू करतात ना तेव्हा कसंतरीच होतं. घर सुंदर आहे, मला ते फार आवडतं, आणि ते कोणाच्या तरी भातावर उभं राहिलंय. घराच्या रचनेतच ते दिसतं, कोणी ओसरीपर्यंत यायचं, कोणी मागच्या पडवीत थांबायचं, कोणी पडवीलाही नाही. गोवा मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला, 1975 ला मुंडकारांना (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांना) घरातून काढता येणार नाही असा कायदा, 1976 च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन. व्हायलाच हवं होतं. आणि त्याबरोबर भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, मोठमोठ्या घरांची कौलं ज्या उत्पन्नावर दरवर्षी परतली जायची ते उत्पन्नही गेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

घरं बंद पडण्याचं दुसरं कारण गोव्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही पण महाराष्ट्रातले वाचक आहेत म्हणून सांगते. आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून वारसाहक्काचा नियम असा की मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी, इस्टेटीच्या ठरावीक वाट्यावरचा (आता अर्ध्या) त्यांचा हक्क मृत्युपत्र करूनही काढता येत नाही. आता त्याजागी गोव्याचा स्वतःचा 2012 चा कायदा आहे पण गाभा तोच. विकायचं झालं तर नवरा-बायको दोघांची सही. मुलगी म्हणून मला हे कायदे प्यारे आहेत, कोणी बदलायला आलं तर मी पहिली भांडेन. पण तीन पिढ्या झाल्या आणि इन्व्हेंटरी (वारसांमधली रीतसर वाटणी) केली नाही की एका घराचे तीस-चाळीस मालक, कोणी वास्कोत, कोणी पुण्यात, कोणी लिस्बनला, आणि कौल सरकलं तर शिडी कोणी आणायची हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. उलट जो दुरुस्ती करेल त्याच्यावर संशय, याला घर लाटायचंय.

काकींच्या घराला निदान काकी आहेत. शिवाय गणेश चवथीला सगळे येतात, साठेक माणसं, पाच दिवस चुली थंड होत नाहीत, माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधायला रानातून काय काय आणतात, आदल्या रविवारी आमची पूर्ण फौज साफसफाईला. केप्याचं ते 1787 चं डीनचं, म्हणजे चर्चमधल्या वरिष्ठ पाद्र्याचं, घर घ्या, पालासियो दो देआंव, कुशावती नदीच्या काठावरचं, एका जोडप्याने तिथेच राहून परत उभं केलं, आता आधी सांगून गेलात तर बघायला मिळतं. तिथेही मुद्दा तोच, सकाळी कोणीतरी उठून खिडक्या उघडतंय.

आता मूळ गोष्टीवर येते, जी खरं तर लिहायची नव्हती. गेल्या जूनमध्ये मी काकींच्या मोरीतला गाळ काढत होते, गुडघ्यापर्यंत पाण्यात, आणि फोन वाजला. आमच्या गावाहून शेजारच्या वहिनींचा फोटो. आमचं घर, डिचोली तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं. स्वयंपाकघराचं छप्पर आत बसलं होतं. वायनाच्या (जमिनीतल्या उखळाच्या) बाजूला वासे पडलेले, आणि वर मोकळं आभाळ. बारा वर्षं कुलूप आहे त्याला. गणपती चुलतभावाच्या वास्कोच्या फ्लॅटमध्ये गेला तेव्हापासून. वाटेकरी एकतीस, मी मोजलेत, मोजणं माझा धंदाच आहे.

मी फोन खिशात ठेवला आणि गाळ काढत राहिले. संध्याकाळी हात धुताना काकींनी विचारलं, "तुझें घर खंय गो बाये?" मी म्हटलं फोंड्यात, मार्केटच्या मागे फ्लॅट आहे. त्या म्हणाल्या, "फ्लॅट न्हय. घर."

त्या दिवशी मी काही उत्तर दिलं नाही. सहा वर्षं दुसऱ्यांच्या घरची जळमटं काढत होते, तिथे भांडण माझं नसतं ना, सोपं असतं, च्या मिळते, कौतुक होतं. घरी काय, एकतीस जणांना फोन.

या मार्चमध्ये थोरल्या दादाला फोन केला. म्हटलं मला वाटा नको, सही नको, फक्त पावसाआधी कौलं घालू द्या, खर्च आम्ही दोघं-तिघं बघू. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, फॅमिली ग्रुपवर टाक. टाकलं. सहा थम्सअप, दोन हात जोडलेले, पुण्याच्या आत्येने विचारलं की यातून कोणाचा हक्क तर सिद्ध होत नाही ना, मी लिहिलं नाही होत आत्ये, वाटल्यास कागदावर लिहून देते, तर म्हणाली दे. दिलं लिहून. बाकी बावीस जणांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात.

किल्ली वहिनींकडेच आहे. कौलंवाल्या माणसाने येत्या रविवारी यायचं कबूल केलंय, फुटकी कौलं बदलायला काकींनी त्यांच्या गोठ्यातली जुनी साठ दिलीत, पैसे घेतले नाहीत, पण म्हणाल्या मोजून ने आणि यादीत लिही. शिडी त्यांच्याच पडवीत आहे, ती शनिवारी ओमनीच्या टपावर बांधून खांडोळ्याहून आमोण्याच्या पुलावरून न्यायचीय. मागे हातभर बाहेर येते, लाल फडकं बांधायला हवं.